‘पुरावा नाही म्हणजे नागरिक नाही’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मतदार यादीत नाव घालताना नागरिकत्व कोणी तपासतच नाही, आधार कार्ड दाखवले की काम होते, त्यामुळे दिघा, तुर्भे, मुंब्रा अशा भागांत परदेशी घुसखोर मतदार होऊन बसले आहेत, म्हणून प्रत्येक मतदाराकडून जन्मदाखला किंवा पासपोर्ट मागावा, खऱ्या नागरिकाला त्यात अडचण येण्याचे कारण नाही, अमेरिकेतही असेच चालते, आणि ज्याला पुरावा देता येणार नाही त्याचे नाव आधी काढावे, मग त्याने काय ते सिद्ध करत बसावे.

या मजकुराचा पाया असलेले तत्त्व मला मान्य आहे. मतदानाचा हक्क नागरिकालाच आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३२६ तसे सांगतो आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम १६ भारताचा नागरिक नसलेल्या व्यक्तीला नोंदणीसाठी अपात्र ठरवते. वाद आहे तो ही अट तपासायची कशी आणि त्या तपासणीचा भार कोणी वाहायचा, याबद्दल. मजकुरातील जवळजवळ प्रत्येक विधान तिथेच चुकते.

नागरिकत्व कोणी विचारतच नाही, हे पहिले विधान घेऊ. नवीन नोंदणीच्या नमुना ६ मध्ये अर्जदाराला आपण भारताचे नागरिक असल्याचे आणि आपले जन्मस्थान कोणते ते स्वाक्षरीनिशी घोषित करावे लागते. ही घोषणा खोटी निघाली तर त्याच अधिनियमाच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सोबत जोडायची कागदपत्रे वय आणि रहिवास यांसाठी असतात, आणि आधार तिथे याच दोन गोष्टींपुरते चालते. अर्ज आल्यावर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना बीएलओ म्हणतो ते, प्रत्यक्ष चौकशी करतात, हरकतींसाठी अर्जांची यादी प्रसिद्ध होते आणि त्यानंतर मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. ही व्यवस्था निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. एकेका बीएलओवर शाळेची किंवा कार्यालयाची नोकरी सांभाळून हे काम पडते, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांत तर त्यांना प्रवेशद्वारावरूनच परत पाठवले जाते. चौकशी नीट होत नसेल तर चौकशी सुधारण्याची मागणी करायला हवी.

याच विधानाच्या पुष्टीसाठी ऑगस्ट २०२५ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा दाखला दिला जातो. ठाण्यातील एका प्रकरणात जामीन नाकारताना न्यायालयाने म्हटले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी आपोआप भारताचा नागरिक ठरत नाही. हे बरोबरच आहे. आधार कायद्याचे कलम ९ सुद्धा आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचे स्पष्टपणे सांगते. परंतु तो खटला बनावट कागदपत्रे आणि बेकायदा प्रवेश यांच्या आरोपांचा होता. ज्याच्याकडे केवळ हीच कागदपत्रे आहेत तो नागरिक नाही, असा उलटा अर्थ त्या आदेशातून निघत नाही आणि न्यायालयाने तो काढलेलाही नाही.

आता मजकुराचे सर्वांत लोकप्रिय वाक्य: जन्मदाखला दाखवायला खऱ्या नागरिकाला अडचण काय?

पहिली अडचण कायद्यातच आहे. जन्मदाखला जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करतो, नागरिकत्व नव्हे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ पूर्वीपर्यंत जन्मलेल्यांच्या बाबतीत आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे आज ठाण्याच्या महाविद्यालयात शिकणारी, नुकतीच अठरा पूर्ण केलेली मुलगी ठाण्यातल्याच प्रसूतिगृहात जन्मली असली आणि तिचा महापालिकेचा दाखला अगदी निर्दोष असला, तरी तेवढ्याने तिचे नागरिकत्व कागदावर सिद्ध होत नाही. त्यासाठी तिच्या आईवडिलांचे कागद लागतील, आणि त्यांचा जन्म १ जुलै १९८७ नंतरचा असेल तर त्यांच्याही आईवडिलांचे. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात ही साखळी एका बैठकीत पूर्ण होईल, हे त्यांनी स्वतःच्या कपाटात शोधून पाहावे.

ही साखळी कुठे तुटेल तेही आपल्या परिसरात स्पष्ट दिसते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत ओझी वाहणारे माथाडी कामगार सातारा, सांगली, पुण्याच्या डोंगरी भागांतून आले आणि घणसोली, कोपरखैरण्यात स्थिरावले. त्यांच्या पिढीतील कितीतरी जणांचा जन्म गावी, घरातच, सुईणीच्या हातून झाला. जन्माची नोंद नसल्याने शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली. त्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसे एवढी का भेटतात, याचे उत्तर प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. नवी मुंबई ज्या गावांच्या जमिनीवर उभी राहिली तेथील आगरी-कोळी प्रकल्पग्रस्तांकडे सातबारा आणि भूसंपादनाचे कागद सापडतील, कारण जमिनीची नोंद सरकारने काळजीपूर्वक ठेवली. त्या घरातील आजीच्या जन्माची नोंद मात्र सापडेलच असे नाही. येऊरच्या पाड्यांवरील आदिवासी कुटुंबांची आणि वीटभट्ट्यांवर हंगामाबरोबर फिरणाऱ्या कातकरी मजुरांची गोष्ट तर याहून अवघड आहे. आणि ठाणे पूर्वेच्या कोपरीत किंवा जिल्ह्यातील उल्हासनगरमध्ये राहणाऱ्या, फाळणीत सिंधमधून आलेल्या वृद्धांकडून जन्मदाखलाच मागितला तर त्यावर आज पाकिस्तानात असलेल्या गावाचे नाव येईल. ही माणसे घटनेच्या अनुच्छेद ६ ने नागरिक झाली आहेत, जन्मस्थानाने नाही.

स्त्रियांचा प्रश्न मी वेगळा काढतो, कारण मजकुरात त्याचा विचार कुठेच नाही. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, आणि अनेक घरांत स्वतःचे नावही बदलले जात असे. शाळा सोडल्याचा दाखला एका नावाने, शिधापत्रिका दुसऱ्या नावाने, बँकेचे खाते तिसऱ्याच लेखनाने. विवाह नोंदणी केलेली नसेल आणि नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध झालेला नसेल, तर या सगळ्या नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी तिला तहसील कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात. एरवी हा त्रास एखाद्या योजनेपुरता असतो. मजकूर त्याची किंमत मतदानाच्या हक्काइतकी वाढवू पाहतो आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

‘नसेल दाखला तर आता काढून घ्यावा’ असेही त्याच मजकुरात आहे. एक वर्ष उलटल्यानंतरच्या जन्मनोंदणीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बनावट प्रकरणांच्या तक्रारींनंतर महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या सुरुवातीला असे उशिराचे दाखले देण्यास स्थगिती दिली आणि पुढे नियम कडक केले. त्या निर्णयाला कारण होते, हे मान्य करू. पण एकीकडे हा रस्ता अरुंद करायचा आणि दुसरीकडे त्याच रस्त्याने सर्वांनी येण्याची सक्ती करायची, या दोन मागण्या एकत्र ठेवता येत नाहीत. कागद शोधणे किती कठीण असते हे आपण अलीकडेच पाहिले आहे: कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारला २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमावी लागली आणि मोडी लिपीचे जाणकार बोलवावे लागले. जे काम सरकारी यंत्रणेला जड गेले ते घरकाम करणाऱ्या बाईने महिन्याभरात करावे, अशी अपेक्षा ठेवणे न्याय्य नाही.

बिहारचे उदाहरणही मजकुरात विजयाच्या सुरात येते, म्हणून तेथील अनुभव नीट पाहायला हवा. २४ जून २०२५ रोजी निवडणूक आयोगाने तेथे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे संपूर्ण मतदार यादीची नव्याने तपासणी, जाहीर केले, अकरा कागदपत्रांची यादी दिली आणि २००३ च्या यादीत नाव असलेल्यांना कागदपत्रांतून सूट दिली. म्हणजे खुद्द आयोगालाही सर्वांकडून दाखले मागणे शक्य वाटले नाही. आधार त्या यादीत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी ते बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारायला सांगितले, मात्र ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नव्हे. प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. आयोगाने दिलेली कारणे अशी होती: सुमारे २२ लाख मृत, ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले, ७ लाख एकाहून अधिक ठिकाणी नोंदलेले. परदेशी नागरिक असा गटच त्या आकड्यांत नव्हता. ‘६५ लाख घुसखोर सापडले’ हे मजकुरातील वाक्य म्हणून सरळ असत्य आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यातील बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतही महाराष्ट्राचा समावेश नव्हता, त्यामुळे ‘ठाण्यात हे सुरू झाले आहे, लगेच दाखले जमा करा’ अशी पुस्ती त्या घोषणेच्या हवाल्याने जोडणारे लोकांना विनाकारण घाबरवत होते.

आपल्या याद्यांचा आजारही मुख्यतः तोच आहे. मृतांची नावे, पुनर्विकासासाठी इमारत रिकामी केल्यावर जुन्याच पत्त्यावर राहिलेली नावे, गावी आणि इथे अशी दुबार नावे. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांसमोर दोन तारे छापले, ते याच कारणाने. जन्मदाखला मागणे हा या आजाराचा इलाज नाही, कारण दुबार नोंदलेला मतदार पूर्णपणे भारतीय असतो आणि कोण वारले हे दाखल्यावरून नव्हे, चौकशीतूनच कळते.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तेथील संघीय नोंदणी अर्जात नागरिकत्वाची शपथपूर्वक घोषणा पुरते. कागदी पुराव्याची अट ॲरिझोनासारख्या मोजक्या राज्यांत आहे. कॅन्ससने २०१३ पासून अशी अट लावली, तेव्हा सुमारे ३१ हजार अर्ज अडकले, आणि न्यायालयासमोर आलेल्या पुराव्यानुसार त्या राज्यात १९९९ पासून मतदार म्हणून नोंदणी झालेले परदेशी नागरिक जास्तीत जास्त ३९ निघाले. २०१८ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि २०२० मध्ये अपिलातही तोच निर्णय टिकला. मार्च २०२५ मधील अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशात तर मतदार ओळख बायोमेट्रिक माहितीशी जोडणारा देश म्हणून भारताचे उदाहरण आहे, आणि अमेरिकेत मात्र स्वतःच्या घोषणेवर विसंबतात अशी तक्रार आहे. प्रत्यक्षात नागरिकत्वापुरते नमुना ६ देखील घोषणेवरच चालतो, आणि मतदार यादीला आधार जोडणे ऐच्छिक आहे. दोन्ही देशांत एकमेकांच्या नावाने हीच चुकीची माहिती फिरते आहे.

सर्वांत धोकादायक विधान मात्र शेवटचे आहे: नाव आधी काढा, मग त्याने सिद्ध करावे. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात हाताळला, आणि त्यात दिल्लीबरोबर मुंबईच्याही काही वस्त्यांतील रहिवासी होते. परदेशी असल्याच्या संशयावरून त्यांना नोटिसा गेल्या होत्या आणि जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र अशी मोजकीच कागदपत्रे मागण्यात आली होती. आजच्या मजकुराची मागणी जवळजवळ शब्दशः तीच आहे. न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव आधीच यादीत आहे, त्याची नोंद योग्य चौकशीनंतरच झाली असे गृहीत धरावे लागेल. संशय असेल तर त्याचा आधार त्या व्यक्तीला कळवावा लागेल. तिचे म्हणणे ऐकावे लागेल. आणि ठरावीक कागदांपुरते अडून न बसता तिने दिलेला कोणताही संबंधित पुरावा विचारात घ्यावा लागेल. ही चौकशी अर्धन्यायिक स्वरूपाची आहे, पोलिसांच्या अहवालावर शिक्का मारण्याची नव्हे. निर्णय विरोधात गेला तर कलम २४ नुसार आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि नंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

म्हणजे एखादा मतदार नागरिक नाही असे कोणाला खरोखर वाटत असेल, तर मार्ग आजही खुला आहे. नमुना ७ मध्ये ‘भारतीय नागरिक नाही’ हे हरकतीचे कारण छापलेलेच आहे. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाच्या यादीतील मतदार असावा लागतो, आणि आरोपाला आधार देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. ‘वस्तीच्या यादीतील अनोळखी नावांवर सोसायटीने मिळून शंभर अर्ज टाकावेत’ हा मजकुराचा सल्ला म्हणूनच पाळण्यासारखा नाही. एकगठ्ठा अर्ज स्वीकारू नयेत अशा आयोगाच्या सूचना आहेत, आणि खोट्या माहितीवर स्वाक्षरी करणाऱ्याला लागू होते ते वर सांगितलेले कलम ३१ हेच. ज्या सोसायट्यांना यादी स्वच्छ हवी आहे त्यांच्या कार्यालयात, आपल्या इमारतीतील कोण वारले, कोण घर विकून गेले आणि कोण भाडेकरू म्हणून नवे आले, याची नोंद असते. ती घेऊन आपल्या भागाच्या बीएलओंना भेटावे, मृतांच्या नातेवाइकांना नमुना ७ आणि पत्ता बदललेल्यांना नमुना ८ भरायला मदत करावी, आणि पुढच्या वेळी बीएलओ आले तर त्यांना प्रवेशद्वारावर अडवू नये.