मळे म्हणजे पाऊस, मळे म्हणजे शेत

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर माझ्या एका गाण्यावरून भांडण झालं. गाणं त्यांच्यापैकी कुणी ऐकलेलंही नाही. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वासा नावाच्या गावात मी अकरा वर्षं राहतोय. इथल्या एका कॉयरमध्ये गातो, आणि त्याच कॉयरसाठी बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कणकुंबीच्या पावसावर एक वृंदगान रचलंय. पुढच्या पावसाळ्यात खानापूरला मावशीच्या भजनी मंडळाबरोबर ते गायचं, असं ठरत होतं. म्हणून मी शब्द पाठवले, निम्मे मराठी आणि निम्मे कानडी. चुलतभावाने लगेच लिहिलं, "इथं जमिनीचा उतारा मराठीत मिळंना झालाय, आणि तू तिकडं बसून कानडी गाणी पाठवालैस?"

त्याचा राग मी ओळखतो, कारण तो आमच्या घरातलाच आहे. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला वडील दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत सायकल घेऊन जायचे. १९५६ ची राज्य पुनर्रचना, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सगळं आम्ही जेवताना ऐकत वाढलो. तेव्हा बाहेर राहून घरच्यांना मोठ्या मनाचे धडे देण्याचा हक्क मला नाही, हे आधीच सांगतो. मला फक्त गाण्याबद्दल बोलायचंय.

कॉयरच्या संचालिकेने एकदा विचारलं होतं, तुझ्या गावाकडे माणूस थक्क होईल असं काय आहे? इथल्यांकडे याचं उत्तर तयार असतं. हिमयुगात बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली इथली जमीन अजून वर येतेय, वर्षाला जवळजवळ आठ मिलिमीटर. आजोबांनी जिथे होडी बांधली तिथे नातू गवत कापतो. मी कणकुंबी सांगितली. एकाच खानापूर तालुक्यात मलप्रभा आणि म्हादई दोन्ही उगम पावतात. मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला लागते. म्हादई भीमगडच्या रानातून पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. डोंगराच्या धारेवर दोन हातांच्या अंतराने पडलेले थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातात. लहानपणी मामाने त्या धारेवर इरलं पांघरून मला उभं केलं होतं आणि म्हणाला होता, "थुंकू नकोस रे, कुणाच्या पाण्यात पडंल सांगता येत नाही."

ते चार आवाजांत कसं बसवायचं, यात माझे दोन हिवाळे गेले. आपलं गाणं एकट्याचं असतं, आणि भजनातही सगळे एकच चाल म्हणतात. रागावर पाश्चात्त्य स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे स्वर, चढवला की बहुतेक वेळा राग मोडतो. मला वाट सापडली ती मेघ रागात. मेघात गंधार (ग) आणि धैवत (ध) वर्ज्य, निषाद (नि) कोमल. पाश्चात्त्य स्वरमेळ आनंदी वाटणार की उदास, हे बरंचसं गंधार शुद्ध की कोमल यावर ठरतं. मेघात गंधारच नाही, त्यामुळे स्वरमेळ आनंदी होत नाही आणि उदासही होत नाही. कणकुंबीच्या पावसात उभं राहिल्यावर मला नेमकं असंच वाटतं. शिवाय रे, प, सा, म, नि असे ओळीने मांडले की प्रत्येक स्वर आधीच्याशी षड्ज-मध्यम भावात बसतो, म्हणजे सा आणि म यांच्यात असतं तेवढ्याच अंतरावर. पाचही स्वर एका साखळीत येतात. हे एका जानेवारीच्या रात्री पेटीवर लक्षात आलं आणि मी उठून खोलीभर फिरत राहिलो.

अडचण मींडेची होती. मध्यमावरून रिषभावर घसरत येणं हा मेघाचा जीव. पहिल्या तालमीत तीस माणसं पायऱ्या उतरावी तशी म, ग, रे उतरली आणि वर्ज्य गंधार मधेच डोकावला. अल्टोतल्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजातल्या, एका निवृत्त नर्सबाईंनी हात वर केला. त्या घरी स्वीडिश बोलतात. पियानोच्या झाकणाच्या कडेवरून तळवा सावकाश खाली नेत त्यांनी विचारलं, "म्हणजे वाटेत कुठेच थांबायचं नाही?" मग प्रत्येकाने आपापल्या वेळी घसरायचं ठरवलं. पाऊसही रानात एकदम येत नाही, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकत येतो. ती तालीम संपल्यावर बराच वेळ कुणी वही मिटली नाही.

आता शब्दांचं. कानडीत मळे म्हणजे पाऊस. आपल्याकडे मळे म्हणजे मळे, ज्यांच्यावर तो पडतो. बेळगावच्या बाजारात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी कानावर पडतात आणि कुणी दचकत नाही. गाण्यात बायका हा शब्द पावसाच्या अर्थाने सुरू करतात, पुरुष शेताच्या अर्थाने त्याला उत्तर देतात, आणि ऐकणाऱ्याला एकच शब्द दोन्ही बाजूंनी येतो. यातली कानडी काढा म्हणणाऱ्याला मी काय सांगू? काढली तर पाऊस जातो.

वासात पाट्या फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत असतात. शेजारच्या तालुक्यात शिरलं की क्रम उलटतो, कारण तिथे स्वीडिश बोलणारे जास्त. इथला नियम साधा आहे: अल्पसंख्याक भाषक आठ टक्के किंवा तीन हजार झाले की पालिका दुभाषी. आपल्याकडेही १९५६ पासून १५ टक्क्यांचं सूत्र आहे, महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात म्हणून. कागदावर आहे. इकडे ते नर्सबाईंच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर उतरलंय, म्हणून त्या फिनिश गाणं मोकळ्या गळ्याने म्हणतात. चुलतभावाच्या हातात त्याच्या भाषेतला उतारा पडला असता, तर कानडी ओळीने त्याचं काही गेलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा त्याची मागणी बरोबर आहे, आणि ती मागे घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत गाण्याने दाराबाहेर थांबावं, हे मला पटत नाही. सुळेभावीला १९२४ मध्ये कानडी घरात जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं मराठी माणसाने कधी परकं मानलं?

आणि आता म्हादईचं पाणीही भांडणात आहे. कळसा आणि भांडुरा या तिच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही, यावर कर्नाटक आणि गोवा वर्षानुवर्षं लढतायत. २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला तरी वाद मिटलेला नाही. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही, गोव्याची भीतीही खोटी नाही. मला चिंता आहे ती त्या धारेची. तिथे पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर हा पक्षी माणसासारखी शीळ घालतो, आणि ती ऐकलेली माणसं या वादात फार थोडी आहेत. माझ्या गाण्यात ती शीळ सोप्रानोंना, बायकांच्या वरच्या आवाजांना, दिलीय, शब्दांशिवाय.

ग्रुपवर दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग मावशीचा फोन आला. कानडी ओळी मंडळातल्या दोघी शिकवतील म्हणाली, त्यांचं माहेर सौंदत्तीकडचं आहे. चुलतभाऊ काय म्हणतो विचारलं, तर म्हणाली, "येईल की ऐकायला. टाळ आणायचे काय?"

आणा, म्हणालो. शेवटच्या सोळा मात्रा त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवल्यात.