फिल्मसिटीत कलाकार शोधू नका, भिंतीच्या मागे बघा

गोरेगावच्या फिल्मसिटीची टूर करून आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेकदा ठरलेलं असतं: ‘कोणी दिसलंच नाही हो.’ बसमधून देऊळ दाखवलं, तळं दाखवलं, हेलिपॅड दाखवलं, कुठलं गाणं कुठे शूट झालं ते सांगितलं आणि परत गेटवर आणून सोडलं. मुलं कंटाळली, मोठ्यांना पैसे फुकट गेल्यासारखं वाटलं. पण खरी गफलत घरातून निघण्याआधीच झालेली असते. तिथे बघायचं काय, हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी जागा समजून घ्या. राज्य सरकारने 1977 मध्ये ही चित्रनगरी उभारली आणि 2001 मध्ये तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलं. सुमारे 520 एकरांचा पसारा, एका अंगाला आरे आणि दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. हैदराबादची रामोजी फिल्मसिटी पर्यटकांसाठीही सजवलेली आहे, तिथे खेळ आणि पाळणेसुद्धा आहेत. गोरेगाव म्हणजे चालता कारखाना. मालिकेची शिफ्ट बारा तासांची असते आणि तेवढ्यात साधारण वीस-बावीस मिनिटांचा एक भाग हातावेगळा करायचा असतो. चार भागांची बँक, म्हणजे आगाऊ शूट करून ठेवलेले भाग, हाताशी असेल तर युनिट जरा श्वास घेतं. बँक संपली असेल तर आज शूट केलेलं उद्या टेलिकास्टला जातं. अशा वेळी चाळीस अनोळखी माणसांना फ्लोअरवर, म्हणजे शूटिंगच्या बंदिस्त हॉलमध्ये, कोण घेईल? चालू शूटिंग दाखवत नाहीत त्यात तुमचा अपमान नाही. कोणाच्या चपलेचा आवाज झाला, कोणाचा मोबाइल वाजला तर तो टेक पुन्हा घ्यावा लागतो आणि सत्तर-ऐंशी माणसं खोळंबतात.

त्यामुळे रिकामा सेट बघायला मिळाला तर तुमचं नशीब समजा. चालू शूटिंगमध्ये तुम्हाला फार तर चार पाठी आणि एक छत्री दिसली असती. रिकाम्या सेटवर सगळं उघडं असतं.

सर्वांत आधी भिंतीच्या मागे जायला मिळतंय का ते विचारा. समोरून वाड्याची जाडजूड भिंत, मागून 8 बाय 4 फुटांचे प्लाय. लाकडी बॅटनच्या चौकटीवर ठोकलेले, मागून तिरक्या टेकूने धरलेले आणि टेकूच्या पायाशी वजन म्हणून वाळूची गोणी. प्लायच्या सांध्यावर कापडाची किंवा कागदाची पट्टी मारून, लांबी (पुट्टी) भरून घासून वर रंग देतात. हा सांधा नीट झाला नाही तर आडवा उजेड पडला की भिंतीवर सरळ रेघ उमटते आणि वाडा एका क्षणात खोका होतो. दगडी जोतं असतं थर्माकोलचं किंवा फायबरचं. थर्माकोल तापलेल्या तारेने कापायचा, वर प्लास्टरचा हात, मग रंगाचे तीन-चार थर. हात लावायचा मोह होईल, लावू नका. कोपरा तुटला की दुसऱ्या दिवशी कंटिन्युटीला, म्हणजे आधीच्या शॉटशी जुळण्याला, मार बसतो.

पुढून बघताना स्विचबोर्डापाशी थांबा. बटणांभोवती मळकट डाग दिसेल, वर्षानुवर्षं ओले हात लागून पडल्यासारखा. तो ब्रशने काढलेला असतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून उतरलेला पावसाच्या पाण्याचा ओघळ, गॅसच्या शेगडीमागचा तेलकट पिवळेपणा, देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर धुराची काळी सावली, हे सगळं रंगवलेलं. यालाच एजिंग म्हणतात. नवा रंग पडद्यावर लगेच खोटा वाटतो, म्हणून घर उभं राहिलं की ते जुनं करायला वेगळी माणसं लागतात. मला विचाराल तर सबंध फिल्मसिटीत बघण्यासारखी खरी कारागिरी या डागांमध्ये आहे.

मग मान वर करा. छत नसतं. वर तराफा असतो, म्हणजे छपरापासून टांगलेल्या फळ्या, त्यावर लाइट आणि लाइटमन. म्हणूनच मालिकेत कोणी वर बघितलं तरी कॅमेरा सहसा त्याच्या नजरेमागे वर जात नाही. खोलीच्या मापांकडेही लक्ष द्या. गिरगावातली चाळीची खोली दहा बाय बाराची असते, सेटवरची तीच खोली सहज अठरा-वीस फुटांची. तीन कॅमेरे, त्यांची माणसं, लाइटचे स्टँड आणि माइकची काठी हे सगळं मावायला हवं. एखादी भिंत सुटी ठेवलेली असते, शॉटप्रमाणे ती काढून कॅमेरा तिथे नेतात. उंबरठासुद्धा बऱ्याचदा सुटा असतो, कारण कॅमेऱ्याची ट्रॉली त्यावरून जात नाही. आणि जिना चढून जाणारी सून वर कुठे जाते? दहा-बारा पायऱ्यांनंतर एक फळी, तिथे ती उभी राहते आणि कट म्हटलं की खाली उतरते. तिची वरची खोली फ्लोअरच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवरच असते.

खिडकीबाहेरची समोरची बिल्डिंग म्हणजे छापलेला फ्लेक्स. त्यावर लाइट थेट पडला तर तो चकाकतो, सुरकुती असेल तर बिल्डिंगला घडी पडते आणि मागून पंख्याचा वारा लागला तर बिल्डिंग चक्क हलते. म्हणून मध्ये पातळ पडदा किंवा जाळी लावून तो चित्रासारखा मऊ करतात. ऊन म्हणजे खिडकीबाहेर उंचावर ठेवलेला मोठा लाइट. तो मऊ करायचा असेल तर पुढे गेटवे लावतात. गेटवे म्हणजे साधा ट्रेसिंग पेपर, चौकटीवर चिमट्यांनी ताणलेला. दिवसाची रात्र करायला लाइट आणि त्यावर लावायचे रंगीत पारदर्शक कागद, म्हणजे जेल, बदलले की झालं. घर तेच.

क्रोमाबद्दल, म्हणजे मागच्या एकरंगी पडद्याबद्दल, मुलांना हमखास कुतूहल असतं. मागे हिरवा पडदा का? डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याचे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे तो रंग सर्वांत स्वच्छ पकडला जातो. शिवाय माणसाच्या कातडीत हिरवा फारसा नसतो. कॉम्प्युटरवर हिरवं ते सगळं उडवायचं आणि तिथे गड, समुद्र, आकाश भरायचं. आता आपली अडचण बघा. मराठी मालिकेतली नवी नवरी हिरवा चुडा भरणार, हिरवी पैठणी किंवा हिरवा शालू नेसणार. हिरव्या क्रोमासमोर ती उभी राहिली की मनगटाच्या जागी आरपार समुद्र दिसायला लागेल. म्हणून अशा प्रसंगाला निळा क्रोमा लावतात. पडदा कुठलाही असो, कलाकार त्याच्यापासून सहा-आठ फूट पुढे हवा. जवळ उभा राहिला तर पडद्याचा रंग गालांवर आणि केसांच्या कडेला उमटतो, तो काढता काढता एडिटिंगवाले रडकुंडीला येतात. पडद्यावर घडी किंवा सावली पडली तरी तोच त्रास.

टूरमध्ये आवाजाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. क्लॅप का मारतात हे तरी सांगायला हवं. पाटीवर सीन, शॉट आणि टेकचा नंबर असतो. फळी आपटली की आवाजाच्या पट्टीवर एक उंच टोक उमटतं, चित्रात फळी मिटलेली फ्रेम दिसते, ती दोन्ही जुळवली की पुढचा सगळा आवाज ओठांवर बसतो. सुरुवातीला क्लॅप राहून गेला तर शॉटच्या शेवटी पाटी उलटी धरून मारतात, म्हणजे एडिटरला कळतं की हा शेवटचा आहे. फ्लोअरवर एसी आणि पंखे टेकपुरते बंद करतात, कारण त्यांची घरघर एका शॉटला असते आणि दुसऱ्याला नसते, जोडताना ती खटकते. पावसाळ्यात छपराच्या पत्र्यावर सर आली की सगळे हात बांधून बसतात किंवा तेवढा सीन नंतर डब करतात. हे दुखणं आपल्या बोलपटाच्या जन्मापासूनचं आहे. 1931 मध्ये ‘आलम आरा’चं शूटिंग रेल्वेच्या रुळांजवळच्या स्टुडिओत झालं. लोकलचा आवाज नको म्हणून ते रात्री, गाड्या थांबल्यावर करावं लागायचं. गाइडने एवढं एक सांगितलं तरी बसमधली माणसं सरसावून बसतील.

आता जाण्याचं. वेळा आणि दर बदलत असतात, म्हणून बुकिंग अधिकृत ठिकाणीच करा आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या. गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेकडून बस आणि रिक्षा मिळते, मेट्रोने आलात तर दिंडोशीला उतरून रिक्षा करा. फिल्मसिटी रोडवर ट्रॅफिक लागतो, अर्धा तास जास्त धरून निघा. नऊ ते नऊची शिफ्ट असेल तर दुपारी दोनच्या सुमाराला जेवणाचा ब्रेक होतो आणि फ्लोअर थंड पडतात. सकाळ बरी, उजेडही चांगला असतो. बंद बूट घाला, कारण सेटच्या मागे खिळे आणि केबल असतात. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. फोटो कुठे चालतील ते प्रत्येक ठिकाणी विचारा. प्रसारित न झालेल्या भागाचा सेट किंवा कलाकाराचा नवा लुक तुमच्या स्टेटसवरून फुटला तर त्याचा जाब युनिटमधल्या एखाद्या लहान माणसालाच द्यावा लागतो. बसमधून उतरून झाडीत शिरू नका, मुलांना पुढे पळू देऊ नका. लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे आणि बिबट्या इथे अधूनमधून येतो. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडायची नाही.

गेटबाहेर कोणी ‘शूटिंग दाखवतो’ किंवा ‘पोराला ऑडिशनला नेतो’ म्हणत पैसे मागितले तर सरळ पुढे चालू लागा. खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणीचे नाहीत आणि फोटोंचेही नाहीत.

माझं मागणं एकच आहे. टूरमध्ये एक छोटा रिकामा सेट कायमचा ठेवा आणि तो दाखवायला सेटिंगवाल्या दादांना उभं करा, हवं तर निवृत्त झालेल्यांना. पाटी, गेटवे, एक लाइट, एक क्रोमा एवढ्यावर अर्धा तास सहज जाईल. मुलांना स्वतः क्लॅप मारू द्या. आणि हे मराठीतून होऊ द्या, कारण हा धंदा इथल्या मराठी हातांनी सुरू केला. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या आणि युनिटचा स्वयंपाकही बघत होत्या. पडद्यामागच्या कामाची टूर काढायची तर ती सुरू व्हायला हवी त्यांच्यापासून. घाई करायला कारणही आहे: चेंबूरचा, राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ 2017 च्या आगीत होरपळला आणि पुढे विकला गेला. प्लाय, कापड, थिनर आणि तापलेले लाइट एकाच छपराखाली असले की ठिणगी पुरते. राहिलेले फ्लोअर आहेत तोवर त्यांची माहिती असलेल्या माणसांकडून ते बघून घेऊ या.

मुलांना न्यायचं असेल तर आदल्या आठवड्यात पेडर रोडचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय दाखवा. सोमवारी बंद असतं. तिथे जुने कॅमेरे बघून आलेलं मूल फिल्मसिटीत निम्मे प्रश्न स्वतःच विचारतं.

आणि बस देवळापाशी थांबली की आत डोकवा. शूटिंग नसेल तर गाभारा बहुधा रिकामा असेल, कारण कथेप्रमाणे मूर्ती आणून बसवतात आणि पॅकअपनंतर उचलतात. मग खाली वाकून खांबाचा तळ बघा. तिथे रंगाचा पोपडा निघाला असेल तर आतले थर मोजता येतात: शेंदरी, त्याखाली दगडी करडा, त्याखाली कदाचित पांढरा. जेवढे थर, तेवढ्या वेळा ते देऊळ नव्याने रंगलं.