मुलांना दाखवायलाच हवा म्हणे!

आज दुपारी घरच्या ग्रुपवर एका सिनेमाची लिंक आली. खाली लिहिलेलं, 'वयात आलेल्या मुलांना दाखवायलाच हवा असा सिनेमा.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मी बसून अख्खा पाहिला आणि आता डोकं तापलंय. पोस्ट मोठी होणार, आधीच सांगते.

सिनेमात काय? सोळा वर्षांचा मुलगा, त्याचा एक बिघडलेला मित्र, मित्राकडे बाइक. रात्रीचा रस्ता, शर्यत, छातीत धडधडेल असं संगीत, कॅमेरा पार चाकाला चिकटलेला. ही शर्यत इतकी देखणी केलीय की या वयात मलाच बाइक घ्यावीशी वाटली. मग धडाम. मग थेट आयसीयू. काचेपलीकडे बाप रडतोय, मुलगा डोळे उघडतो, 'सॉरी पप्पा', मिठी, संपलं.

आयसीयू! दर वेळी आयसीयू!

माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. (त्याला विचारूनच लिहितेय. 'नाव टाकू नको मावशी' एवढीच अट.) दहावीत असताना तो मित्राच्या गाडीवर ट्रिपल सीट गेला. चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं हे वेगळं सांगायला नको. वळणावर वाळूवरून घसरले. कुणाला ॲडमिट करावं लागलं नाही, याचा गुडघा तेवढा सोलवटला. आणि यानं घरी सांगितलंच नाही. कितीतरी दिवस फुल पँट घालून वावरला. रात्री पँटचं कापड जखमेला चिकटलेलं असायचं, ते बाथरूममध्ये कोमट पाण्यानं भिजवून भिजवून सोडवायचा. नळ सोडून ठेवायचा, तोंडून आवाज निघालाच तर बाहेर जाऊ नये म्हणून. जमिनीवर बसताना त्याचा पाय दुमडेना तेव्हा मला शंका आली. बघते तर गुडघ्यात पू झालेला.

हे कुठल्या सिनेमात पाहिलंय तुम्ही? पडणं नाही म्हणत मी. तो नळ.

सिनेमावाल्यांना शर्यत दिसते, मिठी दिसते. मधले दिवस, म्हणजे मूल घरातच आहे, सगळ्यांबरोबर जेवतंय, 'काही नाही' म्हणतंय, ते त्यांना कंटाळवाणे वाटतात. अहो, पू तिथेच होतो!

आणि तो बिघडलेला मित्र. भाच्याला घेऊन गाडी चालवणारा वर्गाचा मॉनिटर होता, घ्या! 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला होता. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एकट्यानं खेळताना घेत त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका घेत होती. मोठ्या माणसांत तसा फरक पडत नव्हता. म्हणजे मित्र बिघडलेला असायचीही गरज नाही, तो नुसता बघत असला तरी पुरतं. पण मग खलनायक कुणाला करणार?

सगळ्यात जास्त चीड कशाची आली ते सांगते. भाऊजींनी पोरावर कधी हात उगारलेला नाही. म्हणून मी भाच्याला विचारलं, अरे, एवढं काय घाबरलास? तर म्हणाला, 'बाबा म्हणाले होते, असलं काही करून आलास तर माझ्यासमोर उभा राहू नकोस.' कधी म्हणाले होते? असलाच एक सिनेमा टीव्हीवर सगळे मिळून बघत असताना! बापाला वाटलं, पोराला धडा मिळाला. मिळालाच की. पडलास तर लपव, हा धडा.

आपल्याकडे पडद्यावर सिगारेट पेटली की खाली लगेच आरोग्यास हानिकारक अशी पट्टी येते. 'माझ्यासमोर उभा राहू नकोस' या वाक्याखाली येते का कधी?

हो, काही मुलांचा खरोखर जीव जातो आणि तेही दाखवायला हवं. मान्य. दोन तासांत किती बसवणार, तेही मान्य. पण ज्यांना जमलं त्यांनी दाखवलंय ना. 1955 चा 'रिबेल विदाउट अ कॉज' घ्या. लोकांना आठवतं काय, तर नायक जेम्स डीनचं लाल जॅकेट आणि कड्याकडे सुटलेल्या दोन गाड्या. एका मुलाची बाही दाराच्या हँडलला अडकते आणि तो गाडीसकट खाली जातो. पण त्यानंतर डीन घरी येतो आणि आईबापांना सगळं सांगतो! पोलिसांकडे जायचंय म्हणतो. आणि ते काय म्हणतात? तू कशाला त्यात पडतोस. जिन्यावरचं ते भांडण मला कड्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं. टी-शर्टवर मात्र छापलं जातं ते जॅकेट.

नाहीतर फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा 1959 चा 'द फोर हंड्रेड ब्लोज'. पोरगं सावत्र बापाच्या ऑफिसातून टाइपरायटर चोरतं, तो विकला जात नाही, म्हणून परत ठेवायला जातं आणि तेव्हा पकडलं जातं. चोरताना नाही हो, परत ठेवताना! बाप उचलून पोलिसांच्या हवाली करतो.

'थर्टीन' (2003) हा सिनेमा लिहिण्यात तर निक्की रीड ही स्वतः शाळकरी वयातली मुलगी होती. त्याला अमेरिकेत आर प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. तेराव्या वर्षाची गोष्ट, पण तेराव्या वर्षी बघायची तर आईला घेऊन जा. एका परीनं बरंच आहे म्हणा. फक्त आई शेजारी बसून भाऊजींसारखं काही बोलली नाही म्हणजे मिळवली.

भाऊजींना फार बोलले का मी? पुढचंही सांगते मग. भाच्याला मी डॉक्टरकडे नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, ड्रेसिंग. घरी आल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं. ताई ओरडली, ओरडणारच. भाऊजी गप्प. पण दुसऱ्या दिवसापासून ड्रेसिंग बदलायचं काम त्यांनी घेतलं. खाली वर्तमानपत्र पसरायचं, चष्मा नाकावर ओढायचा, कात्रीनं चिकटपट्टी कापायची.

'दुखतंय?'

'नाही.'

'थोडं दुखणार.'

कित्येक दिवस बापलेकांत एवढंच बोलणं. ना सॉरी, ना मिठी. कुठला पटकथालेखक लिहील हे? लिहिलंच तर निर्माता म्हणेल, इथे एक गाणं टाका.

असो. जरा शांत झाले लिहून. आता एक मदत करा. मूल काहीतरी करून बसलंय, घरी येऊन सांगतंय, आणि सांगितल्यावर घरात काय काय होतं यातच अख्खा सिनेमा जातो, असं काही पाहिलं असेल तर कमेंटमध्ये नाव टाका. 'आजकालची मुलंच तशी' हे लिहायला येणार असाल तर कृपया येऊ नका, आज माझ्यात ताकद नाही. भाच्याबरोबर बघायचाय. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स असले म्हणजे झालं.