गावच्या जमिनीबद्दल न विचारणारा वकील नको

अमेरिकेत बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरी, फाइल करायची वेळ आलेल्या आपल्या लोकांना माझं एकच सांगणं असतं. पहिल्या भेटीत जो वकील तुमच्या भारतातल्या मालमत्तेबद्दल खोदून खोदून विचारत नाही, त्याला फी देऊ नका. मग त्याचं ऑफिस कितीही चकाचक असो, गूगलवर पाच तारे असोत, नाहीतर तो तुमच्याशी हिंदीत कितीही गोड बोलत असो.

मी वकील नाही. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपासच्या छोट्या धंद्यांची हिशेबाची आणि टॅक्सची कामं करते. त्यामुळे कुणाचं कसं चाललंय हे पुष्कळदा घरच्यांच्या आधी मला कळतं. नोकरी जाते, हॉस्पिटलचं बिल येतं, दोघा मित्रांनी मिळून घेतलेली फ्रँचायझी बसते, आणि मग एका क्रेडिट कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डावर सरकत राहतं. एवढं होऊनही आपला माणूस वकिलाकडे जात नाही. गेलाच तर चोरून जातो. मंडळाच्या गणपतीत कुणाला कळलं तर? त्यामुळे ओळखीत विचारायची सोय नाही. मग ज्या पाटीवर इमिग्रेशन, घराचं क्लोजिंग, घटस्फोट, ट्रॅफिक तिकीट आणि शेवटी बँकरप्सी असं सगळं एकाखाली एक लिहिलेलं असतं, तिथे तो शिरतो.

तिथला वकील काय विचारतो? पगार किती, कार्डं किती, घर आहे का, गाडी आहे का. अर्ध्या तासात फी सांगतो आणि फॉर्म भरायला पॅरालीगलकडे, म्हणजे आपल्या सहाय्यकाकडे, पाठवतो. इथेच जन्मलेल्या, इथेच कमावलेल्या माणसाला एवढं कदाचित चालून जाईल. आपल्याला नाही चालत.

कारण कायद्याचं म्हणणं असं आहे की फाइल केलेल्या दिवशी तुमच्या मालकीचं जे जे काही आहे, ते जगात कुठेही असो आणि कुणाच्याही ताब्यात असो, सगळं बँकरप्सीच्या इस्टेटमध्ये, म्हणजे देणी भागवायला धरलेल्या मालमत्तेत, येतं. त्यात गावची जमीन आली. पुण्याच्या फ्लॅटवर बाबांच्या जोडीला लागलेलं तुमचं नाव आलं. बँकेत 'सोयीसाठी' काढलेली जॉइंट एफडी आली, पीपीएफ आलं, एलआयसीची पॉलिसी आली. इथल्या फोर-ओ-वन-के या निवृत्तीच्या खात्याला कायद्याचं संरक्षण आहे म्हणून पीपीएफलाही ते असेलच, असं धरून चालू नका. आणि वडिलोपार्जित जमीन असेल तर बाबा हयात असतानाही मुलाचा त्यात जन्मानं हिस्सा असू शकतो. मुलींचाही, २००५ पासून.

"पण ते माझं कुठंय, ते तर बाबांचं आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी वादच घालत नाही. तुमचं आहे की नाही हे ठरवणं वकिलाचं काम. नुसतं नाव तुमचं आणि पैसे बाबांचे असतील, तर तसं कागदावर सांगता येतं. पण आधी ते कागदावर यायला हवं ना.

एका क्लायंटबरोबर मी कागदपत्रं घेऊन वकिलाकडे गेले होते. गृहस्थ सत्तरीला आलेला, गोरा, टेबलावर फायलींचे ढीग. कार्डांची यादी त्यानं बाजूला ठेवली आणि पिवळ्या पॅडवर चक्क वंशावळ काढायला घेतली. आजोबा आहेत का? कधी गेले? त्यांना मुलं किती? वाटणी झाली का तोंडीच आहे? मग मान वर करून म्हणाला, "सेव्हन-ट्वेल्व्ह आणलाय?" आम्ही दोघंही बघतच राहिलो. त्याला सातबारा माहीत होता! आधीच्या कुठल्या तरी मराठी क्लायंटनं शिकवला असणार. पुढचा प्रश्न त्याहून भारी होता. आईवडिलांची तब्येत कशी आहे? ही काही आपुलकीची चौकशी नव्हती. फाइल केल्यापासून १८० दिवसांच्या आत कुणी गेलं आणि तुम्हाला वारसाहक्क मिळाला, तर तोही इस्टेटमध्ये जातो. आई आयसीयूत असेल तर फाइल कधी करायची याचा विचार करावा लागतो, आणि हे विचारायला वकिलाला जीभ रेटावी लागते. त्यानं विचारलं. 'आपल्यातला वकील आहे का कुणी?' हा प्रश्न मला तेव्हापासून बिनमहत्त्वाचा वाटायला लागला.

आता हक्कसोडपत्राचं बघा. दिवाळीत घरी गेलात, भाऊ म्हणाला, "तू तिकडंच राहणार, सही करून टाक." तुम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, अंगठा लावून, फोटो काढून आलात. भावाभावांत पैसे कशाला घ्यायचे! आपल्याकडे याला समजूतदारपणा म्हणतात. इकडे वर्षभरात बँकरप्सी फाइल केलीत, तर मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केल्याची ती नोंद आहे. गेल्या दोन वर्षांत काय काय कुणाला दिलं हे फॉर्मवर शपथेवर लिहून द्यावं लागतं. फेडरल कायद्यानं ट्रस्टी, म्हणजे देणी भागवण्यासाठी तुमची मालमत्ता बघायला नेमलेला माणूस, असे व्यवहार रद्द करायला दोन वर्षं मागे जाऊ शकतो आणि राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन त्याहूनही मागे.

मामाचे पैसेही तसेच. अडचणीत सापडलेला मराठी माणूस कुणाचे पैसे आधी फेडेल? बँक गेली खड्ड्यात, मामाचे आधी. यात मला माणूस म्हणून काहीच चूक दिसत नाही. पण नातेवाइकाला फाइल करण्याआधीच्या वर्षभरात फेडलेलं कर्ज ट्रस्टी त्या नातेवाइकाकडून परत मागू शकतो. कर्ज देणाऱ्या इतरांसाठी ही मुदत ९० दिवसांची आहे, नातेवाइकांसाठी पूर्ण वर्षाची. म्हणजे एडिसनच्या मामाला एक दिवस वकिलाचं पत्र येणार आणि पुढची दहा लग्नं तो तुमच्याशी बोलणार नाही. चांगला वकील हे आधी विचारतो. मग फाइल कधी करायची तेही त्या हिशेबानं ठरवतो.

सोन्याचं तर बोलायलाच नको. न्यू जर्सीची स्वतःची सवलतींची, म्हणजे तुमच्याकडेच राहू देतात अशा मालमत्तेची, यादी इतकी कंजूस आहे की बहुतेक लोक फेडरल यादी घेतात. एप्रिल २०२५ पासून तिच्यात दागिन्यांना २,१२५ डॉलरची सूट आहे. आजच्या भावानं दोन तोळ्यांतच ती संपते. वर कशालाही लावता येणारी जनरल सवलत असते, ती कुठे खर्च करायची हा हिशेबाचा खेळ आहे. मुळात ते दागिने कुणाचे? नवरा एकटा फाइल करत असेल तर बायकोचं स्त्रीधन त्याच्या यादीत कशाला? हे सगळं विचारणारा वकील हवा. 'ज्वेलरी? थोडीफार?' असं म्हणून पुढं जाणारा नको.

एवढं सगळं उघड केलं तर जमीन जाणार का, अशी भीती असते. बहुतेकदा नाही जात. चार जणांच्या सामाईक, कोरडवाहू, भावकीच्या वादातल्या एकरभर जमिनीत तुमचा जो तुकडा आहे, तो विकून ट्रस्टीला काय मिळणार? सवलतीत बसला तर प्रश्नच मिटला. पण हिंजवडीला फ्लॅट असेल तर गोष्ट वेगळी. मग चॅप्टर सातऐवजी, म्हणजे सवलतीबाहेरची मालमत्ता विकून देणी भागवण्याऐवजी, चॅप्टर तेरा बघावा लागतो. त्यात मालमत्ता तुमच्याकडे राहते आणि तिच्या किमतीइतकं तरी तुम्ही तीन ते पाच वर्षांत हप्त्यांनी फेडता. हे फाइल करण्याच्या आधी ठरायला हवं. कारण तेरामधून तुम्ही साधारणपणे स्वतःहून बाहेर पडू शकता, सातमधून कोर्टाच्या परवानगीशिवाय नाही. सात फाइल केल्यावर वकिलाला फ्लॅट सापडला तर 'राहू दे, केस मागे घेतो' असं म्हणायची सोय नाही.

आणि लपवलं तर? फाइल केल्यावर ट्रस्टीपुढे हजर राहावं लागतं, त्याला ३४१ ची मीटिंग म्हणतात, ती हल्ली झूमवर होते. पाच-दहा मिनिटांची असते. ट्रस्टी शपथ देऊन विचारतो, सगळी मालमत्ता लिहिली आहे का? तिथे जाणूनबुजून खोटं बोलणं हा फेडरल गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. गुन्ह्यापर्यंत गेलं नाही तरी कर्जमाफी नाकारली जाऊ शकते. बँकरप्सी हा काही गुन्हा नाही, एच-वन-बीवरचा माणूसही ती फाइल करू शकतो. पण ग्रीन कार्डवाल्यावर फसवणुकीचा गुन्हा सिद्ध होणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

गूगलच्या ताऱ्यांबद्दल थोडं. फाइल केली की त्याच क्षणी 'ऑटोमॅटिक स्टे' लागतो, म्हणजे वसुली थांबवावी लागते. दिवसाला पंधरा फोन येणारा माणूस अचानक शांत झोपतो, आणि सकाळी उठून वकिलाला पाच तारे देतो. ही किमया कायद्याची आहे, सगळ्यात वाईट वकिलानं फाइल केली तरी ती होतेच. वकिलाचे घोळ बाहेर पडतात ते काही महिन्यांनी, आणि तोवर रिव्ह्यू लिहून झालेला असतो. त्यापेक्षा राज्याच्या कोर्टाच्या साइटवर त्याचं नाव टाकून शिस्तभंगाची कारवाई झालीय का ते बघा. कन्झ्युमर बँकरप्सीत अमेरिकन बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनचं प्रमाणपत्र असलेले वकील थोडे असतात. ते नसलं म्हणजे वकील वाईट असं नाही, पण असलं तर उत्तम. बँकरप्सी कोर्टात आठवड्याला किती वेळा उभा राहतो, हेही सरळ विचारा.

फीबद्दल लोक फार संशयी असतात, आणि नको तिथे असतात. चॅप्टर सातला वकील सगळी फी आधी मागतो, यात लबाडी नाही. फाइल करताना राहिलेली फी हेही एक देणंच, आणि ते बाकीच्या देण्यांबरोबर माफ होऊन जातं! संशय घ्यायचाच असेल तर 'आज एक पैसाही देऊ नका' असं म्हणणाऱ्याचा घ्या. तेरामध्ये फी हप्त्यांतून वसूल होते, म्हणून सातमध्ये बसणाऱ्या माणसालाही तेरात ढकलणारे लोक आहेत. 'मला सात का नाही?' असं विचारा आणि उत्तर आकड्यांत मागा. वकिलानं किती घेतले ते कोर्टाला लिहून कळवावं लागतं, आणि जास्त वाटले तर कोर्ट परत करायला लावू शकतं. कोर्टाची स्वतःची फी सातला ३३८ डॉलर, तेराला ३१३. ती वेगळी.

रेडिओवरच्या 'तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो'वाल्या कंपन्या म्हणजे वकील नव्हेत. फॉर्म भरून देणारे पिटिशन प्रिपेअररही नव्हेत, त्यांना कायद्याचा सल्ला द्यायचीच बंदी आहे. यांच्यावर जास्त लिहित नाही.

कमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगते: मी नावं सुचवणार नाही. पण जाताना काय न्यायचं ते सांगते. इथले मागच्या सहा महिन्यांचे पे-स्टब आणि टॅक्स रिटर्न सगळे नेतातच. त्याबरोबर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फ्लॅटचं इंडेक्स टू, एफडीच्या पावत्या, दोन वर्षांत भारतात पाठवलेल्या पैशांची यादी, आणि सही केलेलं कुठलंही हक्कसोडपत्र न्या. यातलं मराठीत असेल त्याचं इंग्रजीत दोन ओळींत काय ते लिहून ठेवा. वकील म्हणाला "हे लागणार नाही," तर कागद गोळा करून दुसऱ्याची अपॉइंटमेंट घ्या. आणि ज्येष्ठांच्या नावावर कार्डं असतील, इंग्रजी कच्चं असेल, तर ३४१ च्या मीटिंगला फोनवर दुभाष्या फुकट मिळतो. वकिलाला आठवणीनं सांगा, म्हणजे तो आधी कळवून ठेवेल.