वर्गातलं मूकवाचन म्हणजे वेळेची नासाडी? मुद्द्यागणिक उत्तर

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांना आपापलं पुस्तक देऊन वर्गात गप्प बसवणं हा वेळेचा अपव्यय आहे, अमेरिकेतल्या संशोधनाने ते निरुपयोगी ठरवलंय, मूल काय वाचतंय ते प्रकटवाचनातच, म्हणजे मोठ्याने वाचण्यातच, कळतं, मूकवाचनात मुलं नुसती पानं उलटतात, अभ्यासक्रम मागे पडतो, गोष्टीची पुस्तकं घरी वाचावीत. यातला पानं उलटण्याचा मुद्दा बराच खरा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे. बाकीचे मुद्दे तपासल्यावर टिकत नाहीत.

‘संशोधनाने निरुपयोगी ठरवलंय’

हा दावा ज्या अहवालावरून आला, तो अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलचा. तिथल्या संसदेच्या सांगण्यावरून १९९७ मध्ये ही १४ जणांची समिती नेमली गेली आणि एप्रिल २००० मध्ये तिचा अहवाल आला. शिक्षकाच्या देखरेखीखाली तोच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचला तर वाचन सफाईदार होतं, हे तिला आढळलं. मूकवाचनाबद्दल मात्र निकषांत बसणारे अभ्यासच जेमतेम १४ मिळाले. त्यावरून समितीने एवढंच म्हटलं की परिणाम सिद्ध करायला पुरावा अपुरा आहे. ही पद्धत चालत नाही असा याचा अर्थ घेऊ नये, हेही तिथेच नोंदवलं. पुढे पाठवताना नेमका हाच भाग गळून पडतो.

शिवाय त्यातले बरेच अभ्यास एका विशिष्ट प्रकारच्या मूकवाचनाचे होते: मुलाने हवं ते पुस्तक घ्यायचं, शिक्षकानेही स्वतःचं वाचत बसायचं, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. २००८ साली तिसरीच्या वर्गांवरचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षकाने पुस्तक निवडायला मदत केली आणि मधूनमधून एकेका मुलाशी बोलून वाचन तपासलं. वर्षाअखेरीस ही मुलं देखरेखीखाली मोठ्याने वाचणाऱ्या मुलांच्या बरोबरीने होती. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण ‘निरुपयोगी’ हा शब्द त्याच्यापुढे टिकत नाही.

‘प्रकटवाचनातच कळतं’

हिशेब मांडू. वर्गात ३० मुलं, तासिका ३५ मिनिटांची. एकेकाला उभं करून वाचायला लावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ७० सेकंद येतात. उभं राहणं, ओळ सापडणं यात वीसेक जातात. उरलेल्या ५० सेकंदांत, मिनिटाला ५० शब्दांच्या वेगाने, मूल चाळीसेक शब्द वाचतं. तेच मूल १५ मिनिटांच्या मूकवाचनात साडेसातशेपर्यंत शब्द वाचू शकतं. त्यातला निम्मा वेळ वाया गेला असं धरलं तरी तुलना होत नाही. आणि एक जण वाचत असताना बाकीची मुलं बहुधा आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार तेच मोजत असतात.

समूहवाचन तर कानाने होतं. अर्धा वर्ग शेजाऱ्याच्या आवाजावर स्वार असतो. पाठातलं शेवटून दुसरं वाक्य बोटाने दाखवून वाचायला सांगा, सूर लावून म्हणणारी कितीतरी मुलं तिथे अडतात.

पहिली-दुसरीत प्रकटवाचनच मुख्य हवं, यात वाद नाही. चुका ऐकायला ते लागतंच. पण डोळ्यांना सराव होण्याइतका मजकूर त्यातून मिळत नाही.

‘मुलं नुसती पानं उलटतात’

उलटतात, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण म्हणजे पुस्तक झेपत नाही. पुस्तकातले सलग १०० शब्द मुलाकडून हळू आवाजात वाचून घ्या आणि अडलेले किंवा चुकलेले मोजा. पाचपर्यंत चुका असतील तर ते पुस्तक एकट्याने वाचायला योग्य. सहा ते दहा असतील तर जोडीदाराबरोबर. दहाच्या वर गेल्या तर ते पुस्तक काही महिन्यांनी. ‘पाच बोटांचा नियम’ सगळीकडे सांगतात: पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचं, पाचही उघडली तर पुस्तक अवघड. पण पानावर शंभरेक शब्द असतील तरच तो लागू पडतो. आपल्या चित्रमय पुस्तकांच्या पानावर वीस-पंचवीस शब्द असतात; तिथे दुसरं बोट उघडलं तरी पुस्तक बदलायला हवं.

चुका कुठे होतात तेही पाहा. ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘अर्थ’, ‘दऱ्या’: एकच र, चार रूपं. सगळ्या अडखळी अशाच ठिकाणी असतील तर पुस्तक काढून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी भाषेच्या तासाला तेवढी जोडाक्षरं घ्या. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठीचे ‘मिनिटाला इतके शब्द’ असे तक्ते मराठीला जसेच्या तसे लावणंही चूक आहे. ‘घराजवळच्या’ हा आपल्याकडे एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात.

दुसरं कारण, निवडण्यातच वेळ जातो. पुस्तक आदल्या दिवशी किंवा परिपाठाआधी घेऊन ठेवायचं. प्रत्येकाजवळ दोन पुस्तकं असावीत, म्हणजे एक संपलं म्हणून कुणी उठत नाही. ३० मुलांना किमान ९० पुस्तकं फिरती लागतात. तेवढी नसतील तर केंद्रातल्या (म्हणजे शाळांच्या आपल्या गटातल्या) शेजारच्या शाळेशी दर दोन महिन्यांनी पुस्तकांची पेटी बदलता येते.

तिसरं कारण बोलायला अवघड आहे. त्या १५ मिनिटांत शिक्षक पोषण आहाराची नोंद किंवा ऑनलाइन माहिती भरत असतात. कामाचा बोजा खरा आहे, पण मग मूकवाचन हे मुलांना गुंतवून ठेवायचं साधन होतं आणि ते मुलांना लगेच कळतं. पहिली तीन मिनिटं वर्ग स्थिरावू द्या. नंतर रोज पाच मुलांजवळ दोन-दोन मिनिटं बसा. एक परिच्छेद हळू वाचून घ्या, ‘आता काय चाललंय गोष्टीत?’ एवढं विचारा, वहीत एक ओळ लिहा. सहा दिवसांत ३० मुलं होतात. ‘मूल काय वाचतंय ते कळत नाही’ या आक्षेपाचंही उत्तर यातच आहे.

रोज तात्पर्य लिहून घेऊ नका. ते सुरू झालं की सगळ्यात बारीक पुस्तकावर मुलांच्या उड्या पडतात. तारीख, पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, एवढी नोंद पुरे.

वेळही सगळ्यांना एकदम १५ मिनिटं नको. दुसरीला पाच, तिसरीला आठ, चौथीपासून पंधरा. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. मुलं पाणी प्यायला उठू लागली की तिथेच थांबा. लहान मुलं वाचताना पुटपुटतात, त्यांना दटावू नका, ते पुढे आपोआप कमी होतं. ज्यांना अजून अक्षरं जुळवता येत नाहीत त्यांना मात्र मूकवाचनाला बसवणं अन्याय आहे. त्या वेळात त्यांना वाचणाऱ्या मुलाबरोबर, ओळीखाली बोट ठेवून जोडीवाचन द्या.

‘अभ्यासक्रम मागे पडतो’

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. रोजची १५ मिनिटं म्हणजे वर्षाला ५० तास, शंभरातले सहा. गणिताचं शाब्दिक उदाहरण किंवा परिसर अभ्यासाचा उतारा न अडखळता वाचता आला तर तो वेळ इतर तासांना भरून मिळतो.

‘घरी वाचावं’

कुठल्या घरी? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत, की घरात पाठ्यपुस्तकाशिवाय छापील कागद नसलेल्या पाड्यावर? मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी बोलणाऱ्या कितीतरी मुलांना छापील मराठी निवांत भेटते ती फक्त शाळेत. वाचन घरावर सोपवलं की ज्या घरात पुस्तकं आहेत तीच मुलं वाचतात.

पुस्तकं नाहीत ही अडचण खरी, पण पूर्ण खरी नाही. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वर्षाला ₹५,००० पर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पन्नास रुपयांच्या आसपासची पातळ पुस्तकं घेतली तर शंभर होतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बऱ्याच शाळांच्या कपाटात पडून असतात.

कपाटाला कुलूप असतं, कारण फाटलेल्या पुस्तकाचा जाब डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या वस्तूंची नोंदवही) सांभाळणाऱ्याला द्यावा लागेल अशी भीती असते. वापरून जीर्ण झालेल्या पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून ती काढून टाकणं, रीतसर करता येतं: यादी, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, वरिष्ठांची मंजुरी. त्याआधी, नवं पुस्तक येताच कण्यावर दोन इंच रुंद पारदर्शक चिकटपट्टी आणि आतून स्टेपलवर कापडी पट्टी लावा; पातळ पुस्तकं आधी तिथेच सुटतात.