बंद केला म्हणजे बंद होतो असं नाही, दाजी

माझा मेहुणा आयटीत आहे, त्यामुळे तो घरी जेवायला आला की जेवणानंतर माझ्या लॅपटॉपची तब्येत बघणार हे ठरलेलंच. परवा त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी, उघडला आणि म्हणाला, "दाजी, ब्राउझर बंद केलाय ना तुम्ही? मग हे काय?" बघतो तर खरंच, विंडो बंद पण त्याच्या नावाच्या ओळीच्या ओळी चालूच. म्हणे सेटिंगमध्ये एक बटण असतं, बंद केल्यावरही मागे काम चालू ठेवायचं, आणि ते बऱ्याचदा आधीपासूनच ऑन असतं. म्हणलं मागे बसून करतो काय हा? तर म्हणे अपडेट बघतो, नोटिफिकेशन बघतो आणि अधूनमधून कंपनीला कळवत राहतो. आतून बायको लगेच, "शिका काहीतरी! तुम्ही दोन तास उशीर होणार असला तरी कळवत नाही."

तो गेला निवांत घरी, झोप माझी उडाली. मग मी वाचत बसलो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या डग्लस लीथ या प्राध्यापकांनी २०२० मध्ये सहा ब्राउझर घेऊन कोण कंपनीला काय काय पाठवतो ते तपासलं होतं. त्यात ब्रेव्ह सगळ्यात गप्प निघाला, आणि एज अन् यांडेक्स तर मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेला नंबर पाठवत होते, म्हणजे ब्राउझर काढून परत टाकला तरी ओळख कायम. पण मला खरी धडकी भरली ती ॲड्रेस बारची. तिथे आपण जे टाइप करतो ते सजेशन दाखवायला एंटर मारायच्या आधीच पुढे जात असतं. आता मी त्याच दिवशी दुपारी "टक्कल पडल्यावर के" इथपर्यंत आलो होतो आणि मागून आई चहा घेऊन आली म्हणून घाईघाईने सगळं खोडलं होतं. म्हणजे आईला कळलं नाही, पण कुठल्यातरी सर्व्हरला कळलं. आईला कळलेलं परवडलं असतं हो, तिने निदान तेल तरी लावून दिलं असतं.

रविवारी सकाळी सेटिंग उघडून बसलो. पहिलं सापडलं ते "डू नॉट ट्रॅक", म्हणजे "माझा माग काढू नका" असं साइट्सना सांगणारं बटण. वाटलं, वा, एका क्लिकवर काम झालं. नंतर कळलं की हे म्हणजे जिन्यातल्या "येथे थुंकू नये" पाटीसारखं आहे, पाळायचं बंधन कोणावरच नाही, उलट पाटी बघून जागा पटकन सापडते. ॲपलने २०१९ मध्ये सफारीतून ते काढलंच, कारण त्या खुणेवरूनच माणूस ओळखता येऊ शकतो. फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये काढलं.

मग इन्कॉग्निटो, म्हणजे काय काय बघितलं ते ब्राउझर लक्षात ठेवत नाही ती विंडो. काळी विंडो, टोपी-चष्म्याचं चित्र, एकदम गुप्तहेर असल्याचा फील येतो. फक्त एवढंच की अमेरिकेत या विंडोतही माहिती गोळा करता म्हणून २०२० मध्ये गूगलवर केस झाली आणि २०२४ मध्ये तडजोडीत त्यांनी अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. पुसायला होत्या म्हणजे होत्या ना! ती विंडो घरच्यांपासून लपवते, बाहेरच्यांपासून नाही. माझ्या घरात घरच्यांपासूनच लपवायचं असतं म्हणून तिला मी पूर्ण वाईट म्हणणार नाही.

मेहुण्याने एक टेस्टही पाठवली होती, ईएफएफ नावाच्या अमेरिकन संस्थेची. स्क्रीन केवढी, टाइमझोन कुठला, फॉन्ट कोणते, असल्या बारीकसारीक गोष्टी जुळवून कुकीशिवायही (कुकी म्हणजे साइटने आपल्या मशीनवर ठेवलेली ओळखीची चिठ्ठी) तुमचा ब्राउझर ओळखता येतो, त्याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. २०१० च्या त्यांच्या पाहणीत तपासलेल्यांपैकी साधारण ८४ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले होते. माझा रिझल्ट आला, युनिक. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला असं म्हणालं आणि तेही अशा कामासाठी. माझा संशय फॉन्टवर आहे. डीटीपीच्या जमान्यातले श्रीलिपीचे ढीगभर फॉन्ट अजून माझ्या मशीनवर पडून आहेत, एवढं मराठी घेऊन फिरणारा माणूस गर्दीत लपणार कसा? पण काढवत नाहीत, जुन्या फायली उघडणार नाहीत.

शेवटी कुकीज. सगळ्या पुसल्या, आणि ब्राउझर बंद केला की आपोआप पुसाव्यात असंही करून ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक साइट नव्याने विचारते, "आम्ही तुमच्या प्रायव्हसीचा आदर करतो, आमच्या शेकडो भागीदारांना परवानगी द्या." "हो" साठी हिरवंगार मोठं बटण, "नाही" साठी आत जा, खाली सरका, एकेक बंद करा, "कायदेशीर हितसंबंध" नावाच्या दुसऱ्या टॅबमध्ये परत तेच सगळं ऑन! बरं, एवढं करून काल नाही म्हणालो होतो ना? पण नाही म्हणाल्याची आठवणसुद्धा कुकीतच ठेवतात. ती मीच रोज पुसतोय. वीजबिल भरायला गेलो तर आमची ओळख विसरलेली, ओटीपी द्या, मग तुम्ही रोबो नाही हे दाखवा, सिग्नल असलेले चौकोन निवडा. सिग्नलचा खांब धरायचा की नुसते दिवे, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

मेहुण्याला फोन केला. "सोप्पंय दाजी, एक एक्स्टेंशन टाका, ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, ते सगळं ब्लॉक करतं." टाकायला घेतलं तर चौकट आली: हे एक्स्टेंशन सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल, मंजूर?

त्याला परत फोन लावतोय, उचलत नाहीये. वीजबिल बायकोने तिच्या मोबाइलवरून कधीच भरलं, सगळीकडे "हो" दाबून.