येतो!

लेकीकडे लीड्सला निघालो तेव्हा व्हिसापेक्षा धास्ती होती ती तिच्या शेजारच्या आजींची. लेकीने बजावलं होतं, "बाबा, पहिल्या भेटीत 'नाइस टू मीट यू'. नंतर 'मीट' नाही, 'सी' म्हणायचं."

आता आपल्याकडे भेट एकच. मंत्री पूरग्रस्त गावाला भेट देतात, आपण साहेबांची भेट घेतो, लग्नात भिंतीवरचं घड्याळ भेट देतो. रस्त्यात कुणी भेटलंच तर "काय, इकडे कुठे?" की झालं. इंग्रजीत मात्र घड्याळ वेगळं, साहेब वेगळे. 'माय व्हिजिट टू लीड्स' बरोबर, पण 'आय व्हिजिटेड टू लीड्स' म्हटलं की लेक कपाळाला हात लावते. तोच 'टू' नामाला चालतो, क्रियापदाला चालत नाही. घराण्यांची जुनी भांडणं असावीत. शिवाय 'लुकिंग फॉरवर्ड टू' आलं की पुढे 'मीट' नाही, 'मीटिंग'. बँकेत छत्तीस वर्षं काढली, मीटिंग म्हणजे चहा-बिस्कीट एवढंच ठाऊक. त्यात अमेरिकेतला भाचा 'मीट विथ' म्हणतो. म्हणो बापडा.

पहिली भेट कुंपणापाशी निर्विघ्न पार पडली. दुसऱ्या दिवशी आजी दिसल्या आणि तोंडातून पुन्हा 'नाइस टू मीट यू' निसटलं. म्हातारा कालचं विसरला असं समजून त्यांनी आपलं नाव पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश आणि मोठ्याने. वर चहाला बोलावलं.

चहा झाला. उठलो. निरोप घेताना 'जातो' म्हणायचं नाही, हे आईने लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. तेव्हा म्हणालो, "ओके, आय कम."

आजी गोंधळल्या. काळ चुकला असेल, म्हणून दुरुस्त केलं, "आय विल कम."

"ओह! व्हेन?" म्हणत त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा शोधला आणि पेन उघडून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. आता 'येतो म्हणजे जातो' हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी गुरुवारच्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांनी 'चार वाजता' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

गुरुवारी चारला गेलो. केक खाल्ला. निघताना तोंड घट्ट मिटून नुसता नमस्कार केला.